आधी अधिकार, मग जाब: आफ्रिकेतील आरोग्यसेवेत नेतृत्व आणि उत्तरदायित्व कसे रुजवावे

२० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून विमानाने लागोसला आलेला एक प्रवासी विमानतळावरच कोसळला. नायजेरियातील सरकारी डॉक्टर त्या वेळी संपावर असल्यामुळे त्याला शहरातील एका खासगी रुग्णालयात नेण्यात आले. सुरुवातीला मलेरिया समजून उपचार झाले. परंतु तेथील वरिष्ठ डॉक्टर अमेयो स्टेला अदादेव्हो यांना इबोलाचा संशय आला आणि त्यांनी रुग्णाला बाहेर सोडण्यास नकार दिला. त्याला जाऊ द्यावे म्हणून लायबेरियाच्या अधिकाऱ्यांकडून दबाव आला, तरी त्या बधल्या नाहीत. पुढे त्यांनाच संसर्ग झाला आणि १९ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. कोट्यवधी वस्तीच्या त्या शहरातून रोग देशभर पसरण्याची भीती असताना नायजेरियातील रुग्णसंख्या २० आणि मृत्यू ८ यांवर थांबले, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला.

या प्रसंगाकडे आपण डॉक्टर अदादेव्हो यांच्या धैर्याची गोष्ट म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रुग्णाला थांबवून ठेवायचे की सोडायचे हा निर्णय रुग्णशय्येजवळ उभ्या असलेल्या व्यक्तीच्या हातात होता, आणि त्या निर्णयाचे उत्तर देण्याची तिची तयारी होती. अधिकार आणि उत्तर एकाच ठिकाणी असणे, यालाच मी या लेखात नेतृत्व म्हणणार आहे. आफ्रिकेतील ५४ देशांची आरोग्ययंत्रणा एकसारखी नाही. तरीही जिल्हा पातळीवर एक तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते, ती अशी की जाब आरोग्य केंद्रातील परिचारिकेला विचारला जातो आणि निर्णय मात्र कित्येक किलोमीटर दूरच्या कार्यालयात होतो.

पुढील मांडणी आफ्रिकेतील जिल्हा आरोग्य यंत्रणांबरोबर काम करणाऱ्या किंवा करू इच्छिणाऱ्या मराठी डॉक्टर, परिचारिका, प्रशिक्षक आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांना डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. तिचा क्रम सहसा बदलू नये, कारण पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी घेतली की उत्तरदायित्वाचे रूपांतर शिक्षेत होते.

पहिली पायरी: कोणाच्या हातात काय आहे ते लिहून काढा

मराठीत ‘जबाबदारी’ या शब्दातच जबाब आहे. म्हणून कामाची सुरुवात प्रशिक्षणाने न करता एका साध्या तक्त्याने करावी. एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखावेत: काम कोण करतो, त्याबाबतचा निर्णय कोण घेतो, आणि त्यासाठीचा पैसा कोण सोडतो. मग केंद्रातील दहा-बारा नेहमीची कामे, उदाहरणार्थ औषधांची मागणी नोंदवणे, बिघडलेला फ्रीज दुरुस्त करणे, रात्रपाळी लावणे, रुग्णवाहिकेत इंधन भरणे, एकेक करून त्यात बसवावीत. हा तक्ता केंद्रप्रमुखाने एकट्याने भरू नये. प्रसूती कक्षातील प्रसविका, औषधभांडार सांभाळणारा कर्मचारी आणि जिल्हा कार्यालयातील लेखापाल यांना एकत्र बसवून भरावा. तिन्ही रकान्यांत तीन वेगवेगळी नावे आली तर अडचण कुठे आहे ते त्याच बैठकीत कळते.

केनियाचे उदाहरण येथे बोलके आहे. २०१० च्या राज्यघटनेने आरोग्यसेवेचा हक्क मान्य केला आणि २०१३ पासून आरोग्यसेवेचा बहुतांश कारभार ४७ काउंटींकडे, म्हणजे तेथील स्थानिक प्रशासकीय विभागांकडे, गेला. निर्णय लोकांच्या जवळ यावा हा हेतू स्तुत्य होता. परंतु अनेक काउंटींत रुग्णालयात जमा झालेले शुल्क काउंटीच्या मुख्य खात्यात भरावे लागू लागले आणि हातमोज्यांसाठीसुद्धा रुग्णालयप्रमुखाला तेथून पैसे येण्याची वाट पाहावी लागली. अखेर २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून आरोग्य संस्थांना आपले उत्पन्न स्वतःकडे ठेवण्याचा आणि वापरण्याचा अधिकार देण्यात आला. टांझानियाने २०१७-१८ पासून थेट आरोग्य केंद्रांच्या बँक खात्यात निधी पाठवण्याची पद्धत सुरू केली. तुमच्या जिल्ह्यात असा अधिकार कागदोपत्री मिळाला आहे का, आणि मिळाला असेल तर केंद्रप्रमुखाला त्याची माहिती आहे का, हे आधी तपासा. मंजूर अधिकार माहीत नसल्यामुळे वापरलाच जात नाही असे पुष्कळदा घडते, आणि अशा वेळी नियमाची प्रत हातात देणे हेच सर्वांत उपयोगी प्रशिक्षण ठरते.

दुसरी पायरी: गैरहजेरी मोजा, पण कारणासह

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय पाहणीत पूर्वसूचना न देता आरोग्य केंद्रांना भेटी दिल्या गेल्या. युगांडात ३७ टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर नव्हते. भारतात हेच प्रमाण ४० टक्के होते. दुसरा आकडा मी मुद्दाम देत आहे, कारण आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या तज्ज्ञाने शिकवण्याच्या आविर्भावात जाऊ नये.

हजेरीपट तपासताना नावापुढे फक्त ‘गैरहजर’ असे लिहू नका. पगार आणायला तालुक्याच्या गावी गेला, प्रशिक्षणाला बोलावले, लसीकरणासाठी वस्तीवर गेला, स्वतः आजारी, दुसरीकडे खासगी काम करतो, कारण सांगितले नाही, अशी कारणांची वर्गवारी महिनाभर ठेवा. जो कर्मचारी कार्यशाळांमुळे महिन्यातून सहा दिवस बाहेर असतो त्याचा जाब त्याला विचारून उपयोग नाही, कारण त्याला बोलावणारे जिल्हा कार्यालय आणि निधी देणाऱ्या संस्था असतात. तुमची स्वतःची संस्थाही त्या यादीत असेल. प्रशिक्षणाचा भत्ता हा तुटपुंज्या पगाराला जोड असतो, म्हणून त्याला कोणी नाही म्हणत नाही. यावर उपाय म्हणजे जिल्ह्यातील सर्व संस्थांचे एकच प्रशिक्षण-वेळापत्रक करणे आणि शक्य तेथे केंद्रातच, काम चालू असताना शिकवणे. खरोखर कामचुकार असलेल्यांची संख्या ही वर्गवारी झाल्यावर कमी होते, आणि मग त्यांच्यावर कारवाई करताना बाकीचे कर्मचारी विरोधात उभे राहत नाहीत.

तिसरी पायरी: एक चमू, एक अडचण, एक आकडा

नेतृत्वाचे वर्ग हॉटेलच्या सभागृहात भरवून प्रमाणपत्रे वाटणे हा प्रकार मला व्यर्थ वाटतो. याउलट इजिप्तच्या अस्वान प्रांतातील अनुभव पाहा. २००२ मध्ये तेथील ३ जिल्ह्यांतील १० आरोग्य चमूंनी एक नेतृत्वविकास कार्यक्रम सुरू केला. व्याख्यानांऐवजी प्रत्येक चमूने आपल्या केंद्रातील एक अडचण निवडली, सध्याची स्थिती मोजली, काही महिन्यांत गाठायचा आकडा ठरवला, आड येणारी कारणे शोधली आणि दर महिन्याला प्रगती तपासली. बाहेरची मदत थांबल्यावरही स्थानिक डॉक्टर आणि परिचारिकांनी तो चालू ठेवला आणि प्रांतभर नेला. अस्वानमधील मातामृत्यूचे प्रमाण २००५ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ८५ होते, ते २००७ मध्ये ३५.५ वर आल्याची नोंद आहे. ही घट एकट्या त्या कार्यक्रमामुळे झाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र निधी संपल्यावरही टिकलेला कार्यक्रम म्हणून तो अभ्यासण्यासारखा नक्कीच आहे.

हीच पद्धत वापरताना अडचण निवडण्याची कसोटी एकच ठेवा: चमूच्या हातातील साधनांनी ती सहा महिन्यांत हलू शकते का? ‘माता आणि बालकांचे आरोग्य सुधारणे’ ही अडचण नव्हे, ते ब्रीद झाले. ‘आमच्या प्रसूती कक्षात प्रसूतीनंतरचा रक्तस्राव उशिरा लक्षात येतो’ ही अडचण आहे. हेच उदाहरण थोडे जवळून पाहू.

चौथी पायरी: प्रसूती कक्षात उभे राहून पाहा

पुढील प्रसंग कोणत्याही एका केंद्राचा नाही, पण ज्यांनी रात्रपाळी केली आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल. रात्री दोन वाजता बाळ जन्मते, वार पडते, प्रसविका बाळाला पुसून आईच्या छातीवर ठेवते आणि शेजारच्या खाटेवरील दुसऱ्या बाईकडे वळते. पहिलीच्या अंगाखालची चादर भिजत जाते. किती रक्त गेले याचा अंदाज प्रसविका कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात नजरेने घेते. रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन आहे, पण ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते म्हणून लसींच्या फ्रीजमध्ये आहे. फ्रीज कुलपात आहे. आणि चावी दिवसपाळीच्या कर्मचाऱ्याबरोबर घरी गेली आहे. सकाळी अधिकारी विचारतात, ‘इंजेक्शन का दिले नाही?’ प्रश्न बरोबर आहे, पण तो चुकीच्या व्यक्तीला विचारला गेला आहे.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतील ८० रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने नेमकी हीच जागा सुधारली. प्रसूतीनंतर अंगाखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त नजरेने न जोखता मोजले गेले. ५०० मिलिलीटरची खूण गाठली, किंवा ३०० नंतर नाडी-रक्तदाबात बिघाड दिसला, की गर्भाशयाचे मर्दन, ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारे ट्रानेक्झामिक आम्ल, शिरेतून द्रव, कारणाची तपासणी आणि वरिष्ठांना हाक हे सर्व उपचार एकामागून एक वाट न पाहता एकत्र सुरू झाले. नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांत अशा रक्तस्रावापैकी ५१ टक्केच लक्षात आले होते. नव्या पद्धतीत ९३ टक्के लक्षात आले. अतितीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची वेळ किंवा त्यामुळे होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले.

या यशात औषधांइतकाच व्यवस्थेचा वाटा होता आणि आपल्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. प्रत्येक रुग्णालयात एक प्रसविका आणि एक डॉक्टर या कामाचे पुढारी म्हणून नेमले गेले, साहित्य एका ट्रॉलीत किंवा हाताशी असलेल्या पेटीत एकत्र ठेवले गेले आणि दर महिन्याला त्या विभागाचे आकडे त्या विभागातील लोकांनाच दाखवले गेले. म्हणून तुमच्या चमूने या पायरीवर चार गोष्टी ठरवून कागदावर आणाव्यात: पेटी कोण भरते आणि कोणत्या पाळीच्या सुरुवातीला तपासते, चावी रात्री कोठे टांगलेली असते, साठा किती उरला की मागणी जाते, आणि महिन्याचा आकडा भिंतीवर कोण लिहिते. चारही ठिकाणी व्यक्तीचे नाव हवे. ‘कर्मचारी’, ‘विभाग’, ‘संबंधित’ असे शब्द आले की ते काम कोणाचेच राहत नाही.

पाचवी पायरी: मृत्यूची चर्चा आणि दोषाची चौकशी वेगळी ठेवा

हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९८ पासून मातामृत्यूंच्या गोपनीय चौकशीसाठी राष्ट्रीय समिती काम करते आणि तिचे अहवाल ठरावीक वर्षांनी प्रसिद्ध होतात. तेथे रुग्णाचे, रुग्णालयाचे किंवा कर्मचाऱ्याचे नाव येत नाही. हा मृत्यू टाळता आला असता का आणि कोणत्या टप्प्यावर, एवढाच प्रश्न असतो. नाव नाही, दोषारोप नाही, या तत्त्वावर आफ्रिकेतील अनेक देशांत आता अशा बैठका होतात. कागदावर तत्त्व मान्य असूनही बैठक मात्र खापर फोडण्याचे ठिकाण बनते, असा अनुभव पुष्कळांना येतो.

बैठक घेताना काही पथ्ये काटेकोर पाळावीत. मृत्यूनंतर आठवड्याच्या आत, आठवणी ताज्या असताना ती घ्यावी. घटनाक्रम घड्याळाच्या वेळेनुसार फळ्यावर लिहावा आणि प्रत्येक वळणावर ‘कोणी केले’ असे न विचारता ‘त्या क्षणी त्या व्यक्तीला काय माहीत होते, हाताशी काय होते’ असे विचारावे. त्या रात्री कामावर असलेल्या प्रसविकेला आधी एकांतात भेटून धीर द्यावा. तिनेही एक रुग्ण गमावला आहे, हे आपण विसरून जातो. इतिवृत्तात फक्त उपाय, त्याची तारीख आणि तो करणाऱ्याचे नाव असावे. आणि पुढच्या बैठकीची सुरुवात नव्या मृत्यूने न करता मागच्या उपायांचे काय झाले येथून करावी. एवढे झाले नाही तर त्या बैठका म्हणजे नुसते कागदी घोडे.

प्रामाणिक चूक आणि गैरवर्तन यांतील रेषा मात्र पुसू नये. प्रसूतीसाठी लाच मागणे, औषधे विकणे, रुग्णाला मारहाण करणे, खोट्या नोंदी करणे या गोष्टी मृत्यूच्या चर्चेत न आणता शिस्तभंगाच्या मार्गाने हाताळाव्यात आणि तेथे नाव घेण्यास कचरू नये. दक्षिण आफ्रिकेच्या गाउटेंग प्रांतात २०१६ मध्ये दीर्घकाळ उपचार घेणाऱ्या मनोरुग्णांना लाइफ एसिडिमेनी या संस्थेतून हलवून तयारी नसलेल्या स्वयंसेवी संस्थांकडे पाठवण्यात आले आणि त्यात १४४ जणांचा मृत्यू झाला. आरोग्य लोकपाल मालेगापुरू मकगोबा यांनी फेब्रुवारी २०१७ च्या अहवालात निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांची आणि प्रांतिक मंत्र्यांची नावे स्पष्टपणे घेतली, आणि निवृत्त उपसरन्यायाधीश डिकगांग मोसेनेके यांच्यापुढील सुनावणीत कुटुंबीयांना सर्वांसमोर बोलता आले. येथे अधिकार वर होता, म्हणून जाबही वरच विचारला गेला.

सहावी पायरी: गावाला बोलू द्या, पण गावावर सोडून देऊ नका

२००२ मध्ये मलावीत केअर या संस्थेने सामुदायिक गुणपत्रकाची पद्धत विकसित केली. गावकरी आपापल्या गटांत बसून केंद्राला गुण देतात. कर्मचारी स्वतंत्रपणे स्वतःच्या सेवेला गुण देतात. मग दोघे समोरासमोर बसतात आणि पुढील सहा महिन्यांचा करार करतात. समोरासमोरची बैठक घाईने घेऊ नये. स्त्रिया, तरुण आणि गावप्रमुख यांचे गट आधी वेगळे बसवावेत, नाहीतर एकच आवाज ऐकू येतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हे ओळखीचे वाटेल. २००७ पासून आपल्याकडे सुरुवातीला पाच जिल्ह्यांत पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेच्या समन्वयाने लोकाधारित देखरेख सुरू झाली. आरोग्य केंद्रांची रंगीत प्रगतिपत्रके लागली आणि जनसुनवाईत लोकांनी अधिकाऱ्यांसमोर गाऱ्हाणी मांडली. तो अनुभव घेतलेल्या कार्यकर्त्याजवळ तिकडच्या सहकाऱ्यांशी बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

परंतु पुरावा संमिश्र आहे आणि तो तसाच सांगितला पाहिजे. युगांडात ५० आरोग्य केंद्रांपैकी निम्म्यांच्या परिसरात लोकांना केंद्राची माहिती देऊन अशा बैठका घेतल्या, तेव्हा पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंत ३३ टक्के घट झाल्याचे २००९ च्या अभ्यासाने दाखवले. पुढे ३७६ केंद्रांवर तशाच पद्धतीचा मोठा प्रयोग झाला, तेव्हा उपचारांचा दर्जा काहीसा सुधारला, पण बालमृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. सिएरा लिओनमध्ये २५४ दवाखान्यांच्या अभ्यासात काही ठिकाणी लोकांची देखरेख आणि काही ठिकाणी कर्मचाऱ्यांचा गौरव असे दोन उपक्रम इबोलाच्या साथीआधी झाले होते. साथ आली तेव्हा त्या भागांत रुग्ण अधिक संख्येने पुढे आले आणि मृत्यू कमी झाले. माझा यावरून निष्कर्ष असा की लोकांचा दबाव तेथेच फळतो जेथे कर्मचाऱ्याच्या हातात बदलण्यासारखे काही असते. त्यामुळे करारातील प्रत्येक कलमापुढे ‘केंद्र करू शकते’, ‘गाव करू शकते’ किंवा ‘जिल्ह्याने करायचे आहे’ असे लिहा, आणि तिसऱ्या प्रकारच्या कलमांसाठी जिल्ह्याचा अधिकारी त्या बैठकीत हजर ठेवा.

सातवी पायरी: वरच्यांनाही सही करायला लावा

रवांडात २००६ पासून जिल्ह्यांचे महापौर ‘इमिहिगो’ नावाच्या कामगिरीच्या करारावर राष्ट्राध्यक्षांबरोबर सही करतात. त्याच देशात आरोग्य केंद्रांना कामानुसार पैसे देण्याच्या योजनेचे मूल्यमापन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले: संस्थेत होणाऱ्या प्रसूती २३ टक्क्यांनी वाढल्या, पण गरोदरपणातील चारही तपासण्या पूर्ण करणाऱ्या स्त्रियांच्या आणि पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांच्या प्रमाणात सुधारणा झाली नाही. प्रसूतीसाठी मोबदला जास्त होता आणि ती कर्मचाऱ्यांच्या प्रयत्नाने केंद्रात आणता येत होती. चार वेळा येणे मात्र बाईच्या घरावर, वाटेवर आणि शेतीच्या दिवसांवर अवलंबून असते. पैशाचा वा कारवाईचा निकष ठरवताना हे वाक्य टेबलावर ठेवा, आणि आकड्यांची पडताळणी केंद्राबाहेरच्या माणसाकडून करून घ्या.

करार एकतर्फी असू नये. केंद्रप्रमुख सेवेचे वचन देत असेल, तर जिल्हा अधिकाऱ्याने त्याच कागदावर औषधे किती दिवसांत पोहोचतील, रिक्त पद कधी भरले जाईल आणि पगार कोणत्या तारखेला होईल हे लिहून द्यावे. आफ्रिकी देशांनी एप्रिल २००१ मध्ये नायजेरियातील अबुजा येथे अंदाजपत्रकाचे किमान १५ टक्के आरोग्यासाठी देण्याचे ठरवले आणि बहुतेक देश ते पाळू शकलेले नाहीत. केनियातील सरकारी डॉक्टर डिसेंबर २०१६ ते मार्च २०१७ असे १०० दिवस संपावर गेले, त्यामागे २०१३ मध्ये झालेल्या वेतनकराराची अंमलबजावणी न होणे हे कारण होते. शासन स्वतः सही केलेल्या कागदाचे उत्तर देत नसेल, तर परिचारिकेकडून हजेरीपटाचे उत्तर मागण्याचा नैतिक आधार उरत नाही.

आठवी पायरी: बदली होईल हे गृहीत धरा

जिल्हा आरोग्य अधिकारी बदलला की येरे माझ्या मागल्या, हे सर्वत्र चालते. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक जबाबदारीला दुसरे नाव जोडा आणि ते शक्यतो परिचारिका किंवा प्रसविकेचे असू द्या, कारण केंद्रात दिवसरात्र त्याच असतात आणि निर्णयाच्या बैठकांत त्यांनाच सर्वांत कमी बोलावले जाते. चार्ज देताना चाव्या आणि साठ्याबरोबर पहिल्या पायरीतील तक्ता, मृत्यूच्या बैठकांतील अपुरे राहिलेले उपाय आणि गावाबरोबरचा करार या तीन कागदांवर नव्या अधिकाऱ्याची सही घ्यावी. नवा अधिकारी रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्याची प्रसूती कक्षात एक रात्रपाळी ठेवा, आणि फ्रीजची चावी कोठे टांगली आहे हे त्याला तेथील प्रसविकेकडूनच दाखवून घ्या.